धरलेली लाइन

तिसऱ्या मिनिटाला बायडाबाई बोलायच्या थांबल्या आणि माझ्या कानात नुसती खालच्या गिरणीची घरघर उरली. सकाळी साठवलेला तो आवाज ऐकत मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. इतका वेळ पडद्यावर गवतासारखी हलणारी आवाजाची हिरवी रेघ आडवी पडली. पाच सेकंद, दहा, पंधरा. मग एक बांगडी वाजली. मग पुन्हा गिरणी. तिसाव्या सेकंदाला यंत्रानं आपलं ठरलेलं वाक्य पडद्यावर टाकलं, 'चाचणी अपूर्ण. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार', आणि रेघ संपली. शनिवारची दुपार, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळी अकराला आतल्या खोलीतून पदर सावरत बाहेर येऊन ह्याच बायडाबाई मला म्हणाल्या होत्या, "झालं बाई. लय छान हाय. चहा बी छान होता." आणि मी वहीत लिहून मोकळी झाले होते की पूर्वचाचणी नीट पार पडली. आता त्या ओळीकडे बघताना मला, पाहुणे उठून गेल्यावर आमटी चाखावी आणि त्यात मीठच नाही असं कळावं, तसं झालं. जेवताना कुणी बोललं नव्हतं. आपल्याकडे बोलत नाहीत.

गंगापूर रोडला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत दीपकचं ऑफिस आहे. दीपक म्हणजे आमच्या शेजारच्या उज्वलाताईंचा मुलगा. पुण्याहून इंजिनीअर होऊन आला आणि नोकरी न धरता त्यानं हे काम सुरू केलं. संगणकावरचं एखादं पान वापरात यायच्या आधी ते चार माणसांना वापरून बघायला द्यायचं, कोण कुठं अडतं ते टिपायचं, आणि ज्याचं पान त्याला कळवायचं. दोन हजार आठ साल चालू आहे, तरी नाशकात हे समजावून सांगताना माझी तारांबळ होते. देवळात एकदा सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, म्हणजे लग्नाआधी मुलगी बघण्यासारखंच की. मी म्हटलं, तसंच, फक्त इथं पोहेही आपणच करायचे आणि नापसंतीही आपणच ऐकून घ्यायची. ह्या खेपेचं काम होतं एका फिरत्या दवाखान्याचं. दवाखान्याची गाडी आपल्या गावाला कधी यावी याची तारीख बायकांनी स्वतः संगणकावर घ्यायची, आपलं नाव, आपलं दुखणं स्वतः लिहायचं, असं ते पान होतं. सोमवारी दहा वाजता चांदवड, वणी आणि सुरगाण्याच्या तीन संगणक केंद्रांत वीस-वीस बायका त्याच्यासमोर बसणार होत्या, डोक्याला हेडफोन लावून, मनात येईल ते मोठ्यानं बोलत. त्यांचं बोलणं यंत्र साठवून घेणार होतं, आणि एकेकीचं झालं की मी ते इथं बसून ऐकणार होते. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं आधीच लिहून दिलं होतं, साठातल्या निम्म्या बायका जरी अडल्या, तरी नोंदणीचं काम बायकांकडून काढून प्रत्येक गावातल्या एका शिकलेल्या पुरुषाकडे द्यायचं. हे मी देवळातल्या ओळखीच्या ह्या बायडाबाईंना सहज सांगितलं होतं, तेव्हा त्या हातातला कांदा चिरायचा थांबवून म्हणाल्या होत्या, "म्हंजी कमरेखालचं दुखणं आता त्या बाप्याला सांगायचं? नाय सांगायच्या बाया. मरून जातील पण नाय सांगायच्या."

आणि चाचणी प्रत्येकीला एकदाच द्यायची. दुसऱ्यांदा बसली की तिला ठाऊक झालेलं असतं, मग तिचं अडणं खरं राहत नाही. म्हणून सोमवारी चूक झाली की झाली. म्हणून तर आधी तपासणी, आणि ती माझ्याकडे. पाच वाजता आमच्या बाजूची वीज जाते, त्याच्या आत मी 'सुरू करा' हे बटण दाबायचं, म्हणजे तिन्ही केंद्रांना चाचणी उघडायचे क्रमांक जाणार. तीन वाजून दहा मिनिटांनी मी बटणाकडे बघत बसले होते आणि मला त्या तीस सेकंदांनी धरून ठेवलं होतं.

कारण मला शांतता कळतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बावीस वर्षं मी तेच केलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते, त्र्याण्णव-चौऱ्याण्णवपर्यंत तरी आडगावांचे कॉल आमच्याच बोटांतून जायचे. सकाळी सातची पाळी असली की पहिलं काम लाइनी तपासायच्या. गिऱ्हाईक यायच्या आधी, एकेक दोर भोकात घालून. हॅलो चांदवड, नाशिक बोलतेय. हॅलो वणी. हॅलो सुरगाणा. चांदवडचा ऑपरेटर पहिल्या घंटीला उचलायचा, त्याच्यामागे हायवेच्या ट्रका ऐकू यायच्या. वणीला देवीच्या यात्रेच्या दिवसांत बोलणं कमी आणि संबळ जास्त. सुरगाण्याचा दत्तू मात्र उचलायचा आणि बोलायचाच नाही. नुसता श्वास, आणि लांबवर कोंबडा. नवीन मुली घाबरून दोर काढायच्या, लाइन मेली म्हणून चिठ्ठी लिहायच्या. मी त्यांना सांगायचे, अगं, मेलेली लाइन वेगळी. मेलेली लाइन कापसासारखी असते, कान लावला की आपलाच कान ऐकू येतो. तुटलेली लाइन टक् करते आणि मग गुणगुणते. आणि तिसरी असते धरलेली. तिथं माणूस असतो, तोंडात शब्द असतो, पण काही कारणानं तो बाहेर येत नाही. धरलेली लाइन कधी कापायची नाही. दत्तूचं कारण साधं होतं, त्याच्या तोंडात मिश्रीचं बोट असायचं. पण म्हणून काय झालं, तो होताच ना तिथं. मग यंत्रं आली, दोर गेले, मला बिलाच्या खिडकीवर बसवलं, आणि शेवटी मी स्वेच्छेनं घरी आले. घरी बसून कान गंजतील की काय असं वाटत असतानाच दीपक दारात येऊन म्हणाला, "मीनामावशी, मला तुमचे कान पाहिजेत." देव कुणाच्या तोंडून बोलावतो, सांगता येत नाही.

मी ते तीस सेकंद पुन्हा लावले, आवाज शेवटपर्यंत वाढवून. गिरणी आता आगगाडीसारखी धडधडली, पण तिच्या खाली, अगदी टेबलाच्या लाकडातून आल्यासारखं, दुसरं काहीतरी होतं. टक. जरा थांबून, टक टक. पुन्हा टक, टक टक. बोट होतं ते. बायडाबाई बोटानं टेबल वाजवत होत्या. ही लाइन धरलेली होती, आणि जे वाजत होतं ते मला पाठ होतं. कुठून पाठ होतं ते काही केल्या आठवेना. मी डोळे मिटले. बुक्क्याचा वास आला.

गोदाकाठच्या आमच्या देवळात दर रविवारी लताबाईंचं कीर्तन असतं. लताबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या की नऊवारीचा काठ आणि कपाळावरचा बुक्का एवढंच आधी दिसतं, मग आवाज येतो, आणि मग बाकीचं काही दिसायचं कारण उरत नाही. कथा लावायच्या आधी त्या सगळ्यांकडून नामाचा गजर करून घेतात. जय जय राम कृष्ण हरी. शंभर-दीडशे माणसं, टाळ, मृदंग. हा गजर अंगावर आला की माझं सगळं आठवड्याचं शिणलेपण धुतलं जातं, मी दुसरं काही मागत नाही. बायडाबाई माझ्या डाव्या हाताला बसतात. मूळच्या चांदवडच्या, तिथं कांद्याचं शेत आहे, मालक शेतावर असतात. ह्या इथं पंचवटीत मुलाकडे, केरूकडे, नातवंडं सांभाळायला. पहिल्या रविवारी शेजारी बसले तेव्हाच माझ्या कानाला ते लागलं होतं. जय जय, आणि मग नाही, आणि मग कृष्ण हरी. मधल्या जागी त्यांचे ओठ मिटायचे आणि मांडीवर बोट वाजायचं. मालकांचं नाव सावळीराम. चाळीस वर्षांत त्यांनी ते नाव उच्चारलेलं नाही, मग ते देवाचं असो नाहीतर धन्याचं. आणि राहायला आल्या कुठं, तर नाशकात, जिथं दर दहा पावलांवर राम. रिक्षावाल्याला म्हणतात, कुंडावर ने. तो विचारतो, कुठल्या कुंडावर? ह्या म्हणतात, एकच हाय की रं बाबा, तूच सांग. भाजीवालीला रामफळ मागायचं तर म्हणतात, ते सीताफळाच्या धन्याचं दे. कुणी रामराम केला की ह्या हात जोडून नमस्कार म्हणतात आणि वर हसतात. मी एकदा थट्टेनं म्हटलं, बायडाबाई, एवढ्यानं तुमचं पुण्य बुडत असेल, दर रविवारी शंभर वेळा राम गळतो. त्या म्हणाल्या, "गळत नाय ताई. आत पडतो."

माझ्या आईचंही तसंच होतं. माझे वडील रामनाथ. मी सहा-सात वर्षांची असेन, आरतीत आईच्या कडेला उभी, आणि मला वाटायचं आईला तो शब्द येत नाही. शाळेत मला कवितेचा शब्द अडला की शेजारची मुलगी कानात सांगायची, तसा मी आईच्या कानात ओरडून सांगितला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आईनं असा चिमटा काढला की तो दंडावर दोन दिवस होता. घरी आल्यावर तिनंच त्यावर खोबरेल तेल लावलं आणि लाजून हसत म्हणाली, मला येतो गं तो शब्द, चांगला येतो. तिची ती लाज मला आत्ता त्या ऑफिसच्या खुर्चीत दिसली, पिठाच्या पांढऱ्या धुळीसकट, आणि मी एकटीच हसले. ह्या जागेची लताबाईंनाही कल्पना आहे. एका रविवारी गजर थांबवून त्या मृदंगवाल्याला म्हणाल्या होत्या, त्या जागेवर एक आणि दोन वाजवत जा, बाबा. समोर बसलेल्या अर्ध्या आयाबायांच्या घरी तो नाव लावून बसलाय, त्यांच्या वाटचं तू म्हण. देऊळ हसलं होतं. तेव्हापासून मृदंग तिथं वाजतो, टक, टक टक, आणि बायडाबाईंचं बोट त्याच्याबरोबर. तेच बोट सकाळी अकरा वाजता आतल्या खोलीतल्या टेबलावर वाजलं होतं. बाई पानापुढे हरवल्या नव्हत्या. बाईंनी उत्तर दिलं होतं. यंत्रानं ते शांतता म्हणून मोजलं आणि त्यांना बाहेर काढलं, आणि त्यांनी बाहेर येऊन चहाचं कौतुक केलं.

मी पान उघडून तिसऱ्या मिनिटाची पाटी वाचली. 'आपले संपूर्ण नाव मोठ्याने म्हणा आणि मग लिहा.' ही पाटी मी सात वेळा तपासली होती. सात वेळा. काना, मात्रा, बटणाचा रंग, पुढचं पान उघडतं की नाही. आणि सातही वेळा मी खणखणीत आवाजात जे नाव म्हटलं होतं ते होतं 'सौ. अबक कखग टठड'. अबकचा नवरा कखग. त्याचं नाव घ्यायला मला कसली लाज वाटणार होती? संपूर्ण नाव म्हणजे मधे नवरा, हे मला न कळायला मी काय परदेशात वाढले? पण खोट्या बाईचं खोटं नाव घेऊन मी खऱ्या बायकांची वाट मोकळी आहे असं लिहून दिलं होतं. तीस सेकंदांचा नियम तर मीच सुचवला होता, केंद्रात कुणी खुर्ची सोडून गेलं तर यंत्र उगाच चालू राहू नये म्हणून. धरलेली लाइन कापायचा नियम मी, मीनानं, स्वतःच्या हातानं. तरी मला आतून गुदगुलीच होत होती, कारण चूक सापडली होती, आणि सोमवार अजून आला नव्हता.

"दीपक," मी हाक मारली, "बटण दाबायचं नाही."

तो पलीकडच्या टेबलावरून खुर्ची सरकवत आला. मी त्याच्या कानावर हेडफोन चढवला. त्यानं तीस सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "काहीच नाहीये, मावशी. अडल्या त्या. होतं असं, चौथी शिकलेल्या बाई आहेत."

"चौथी शिकल्यात, पण रोज पोथी वाचतात. अडल्या नाहीत. खाली ऐक. बोट ऐक."

त्यानं पुन्हा ऐकलं. "टकटक आहे कसलीतरी. बरं मग?"

मी सांगितलं. सगळं, सावळीरामासकट. दीपक चांगला मुलगा आहे, तोंडावर हसला नाही, पण त्याच्या भुवया वर गेल्या. "मावशी, ते खेड्यातलं झालं. आणि पूर्वीचं. मजकूर मंजूर झालेला आहे, आता दीड तास राहिला. एका बाईसाठी आपण साठ जणींचं पान बदलायचं?"

कीर्तनात लताबाई एक करतात, शंका काढणारा पुढे बसला असला की त्यालाच कथेत ओढतात. मी म्हटलं, "तुझ्या आईला फोन लाव. आणि मोठ्या आवाजावर ठेव."

"आई पदवीधर आहे, मावशी. सोळा वर्षं शाळेत शिकवलंय तिनं."

"म्हणूनच लाव."

त्यानं लावला. उज्वलाताईंच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, एक काम होतं. बाबांचं नाव सांग."

"कुणाचं?"

"बाबांचं. माझ्या वडलांचं पूर्ण नाव."

"का रे? कुणी विचारायला आलंय का? बँकेतून आलंय?"

"कुणी नाही. तू सांग ना."

"तुला माहीत नाही का स्वतःच्या बापाचं नाव?"

"मला माहितीये. तुझ्या तोंडून पाहिजे."

फोनमध्ये बांगड्या वाजल्या. मी दीपककडे बघत होते आणि दीपक फोनकडे. मग उज्वलाताई म्हणाल्या, "के. बी."

"के म्हणजे काय?"

"के म्हणजे के. दारावर पाटी आहे ती वाच. दीपक, तुझं बरं आहे ना? दुपारी जेवलास का?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, "ते इथंच बसलेत रे पेपर वाचत. हसतायत. ठेव आता."

दीपकनं फोन ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "सव्वीस वर्षं त्या घरात राहतोय मी," तो म्हणाला, "तिला कधी बाबांना हाक मारताना ऐकलंच नाही. अहो म्हणते. नाहीतर नुसती बांगड्या वाजवते. मला वाटायचं ती त्यांच्यावर चिडलेली असते."

"चिडलेली कसली," मी म्हटलं.

मग सगळं भराभरा झालं. संस्थेच्या डॉक्टरबाईंना त्यानं फोन केला, आणि तो घाबरत घाबरत सांगायला लागला तशा त्या पलीकडून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे तपासणीला बायका येतात त्या नवऱ्याचं नाव सांगायला शेजारणीला बरोबर आणतात. हे मलाच सुचायला हवं होतं. बदला, बदला." तीस सेकंदांचा नियम दीपकनं मुळापासून काढून टाकला. आता प्रश्न पाटीचा. तो म्हणाला, 'नाव म्हणण्याची सक्ती नाही' असं लिहू. मी म्हटलं, सक्ती नाही असं लिहिलं की सरकारी वाटतं, बाई आणखी बिचकेल. आणि नुसतं गप्प राहा म्हटलं तर मला मागाहून ऐकताना कसं कळणार, गप्प आहे की उठून गेली. दोघांनी चार-पाच वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी जी राहिली ती त्यानं वाचून दाखवली, 'जे नाव तोंडाने घेत नाही, ते घेऊ नका. टेबलावर बोट वाजवा, आणि लिहा.' मला वाटलं, ह्या पाटीला टाळ पाहिजेत.

सव्वाचार झाले. बदललं की पुन्हा तपासायला हवं, आणि बायडाबाईंना आता बसवून उपयोग नव्हता, त्या बसून गेल्या होत्या. दीपक म्हणाला, मावशी, तुम्हीच. मी आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं, सकाळी बायडाबाई बसल्या त्याच खुर्चीत बसले. टेबलावर त्यांच्या चहाच्या कपाचं वर्तुळ अजून होतं. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट, मी बोलत होते, आता मी हे दाबते, आता मी गाव निवडते. आणि तिसऱ्या मिनिटाला ती पाटी आली. ह्या वेळी अबक नव्हती. मी होते. मी म्हटलं, मीना. आणि थांबले. गंमत वाटते सांगायला, पण थांबलेच. बावीस वर्षं मी ह्या जिल्ह्यातल्या हजारो माणसांची नावं तारेवरून मोठमोठ्यानं पुकारली, खुळ्यांची, शहाण्यांची, कलेक्टरची, आणि आमच्या घरच्यांचं एकदाही नाही. ते सायकलवरून डबा द्यायला यायचे तेव्हा गेटवरचा माणूस विचारायचा, कुणाला बोलावू, आणि ते माझं नाव बिनदिक्कत घ्यायचे. मला कुणी विचारलं, कोण आलंय, तर मी म्हणायचे, डबा आलाय. लग्नाला एकतीस वर्षं झाली. नाव मनात आलं, अगदी स्वच्छ, पाटीवर नुकतं लिहिल्यासारखं, आणि त्याच्याबरोबर सायकलची घंटा, डब्याला गुंडाळलेल्या पंच्याचा वास, पहिल्या वर्षी गोदेच्या पुलावर त्यांनी घेऊन दिलेली जांभळं, जिभेचा जांभळा रंग घरी सासूबाईंना दिसेल म्हणून तोंड मिटून पार केलेला सगळा रस्ता. मी ते नाव इथंही लिहीत नाही. लिहिण्यानं काही होत नाही हे खरं, तरी राहू दे. माझं बोट आपोआप उठलं. टक. टक टक. यंत्र थांबलं नाही. हिरव्या रेघेवर तीन बारीक शेंडे उमटले, आणि पुढचं पान उघडलं.

पाचला बारा मिनिटं असताना मी 'सुरू करा' दाबलं. पाचला वीज गेली, गिरणी थांबली, आणि इतक्या वेळानं रस्त्यावरचा चिमण्यांचा कलकलाट ऐकू आला.

रविवारी देवळात बायडाबाई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "काल तुम्ही मला सांगितलं का नाही, पान तुम्हाला मधेच बाहेर काढतंय म्हणून?"

"तू एवढ्या हौसेनं बोलवलंस, पोरगं चहा घेऊन आलं, आन मी काय नाव ठिवू?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपलंच चुकलं. यंत्र शिकल्यालं असतंय."

"यंत्राला आता शिकवलंय. तुमचं बोट शिकवलंय त्याला."

त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो ठेवूनच दिला. गजर सुरू झाला. त्या दिवशी मी डोळे मिटून पहिल्यांदाच शब्द सोडून फक्त ती जागा ऐकली. दर ओळीत एवढीशी जागा, आणि तिच्यात किती गर्दी. कुणाचं बोट, कुणाची बांगडी, कुणाचा नुसता घेतलेला श्वास. कोण म्हणेल त्या जागी कुणी नव्हतं. कीर्तन संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले, तेव्हा मी आधी बायडाबाईंच्या पाया पडले, आणि त्या "अगं, अगं" म्हणत माझ्या पडल्या, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

सोमवारी दहाला मी हेडफोन लावून बसले होते. चांदवडची पहिली बाई वाचत वाचत, ठेचकाळत तिसऱ्या मिनिटाला आली, पाटी वाचली, आणि तिला हसू फुटलं. मग टक टक टक, कुणी दार वाजवावं तसं, आणि पुढं गेली. दुसरी. तिसरीचं बोट नव्हे, अंगठी. वणीच्या केंद्रात एकीनं इतकं हळू वाजवलं की मी श्वास धरला. बारा वाजेपर्यंत मी सतरा बायका ऐकल्या होत्या, सतराही पुढं गेल्या होत्या, आणि माझ्या वहीत खुणा करता करता माझंही बोट वाजत होतं. दीपक मधूनमधून मान वर करून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. मग सुरगाणा लागलं. चिमणाबाई नाव, वय पंचेचाळीस, भात-नागलीची शेती, द्राक्षाच्या हंगामात मजुरीला खाली येणारी. मागे कोंबडा ओरडला, आणि मी पंधरा वर्षं मागे जाऊन दत्तूच्या गप्प लाइनीवर कान ठेवून बसले. तिसरं मिनिट आलं. चिमणाबाईनं पाटी वाचली. बोट वाजवायची म्हणून मी वाट बघत राहिले. नाही वाजलं. कोंबडा पुन्हा ओरडला.

"ह्ये काय लिवलंय?" चिमणाबाई म्हणाली. "नाव का घ्यायचं नाय? सोमा. सोमा नाव हाय त्याचं. दिसभर त्याच नावानं हाका मारते मी, तरी येत नाय मेला." तिच्यामागे सगळी खोली हसली, एकोणीस बायका, आणि त्या हसण्यातच कुणीतरी टेबल बडवलं, टक, टक टक.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं आणि हेडफोन काढावा लागला. दीपक उठून आला, घाबरला होता बिचारा.

"काय झालं, मावशी? अडली का कुणी?"

"नाही रे," मी म्हटलं, "सगळ्या लाइनी चालू आहेत." आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.